विश्लेषण : ‘इंग्लिश टीचर’ म्हणजे नेमके कोण? शब्दातला जोर ठरवतो अर्थ

इंग्रजी जोडशब्द कुठे तोडायचा आणि त्याच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे दोन गुणांपुरता उरला आहे. खरे तर तो व्याकरणाचा प्रश्न आहे. मराठी मुलांना तो समजावणे वाटते तितके अवघडही नाही.

चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरलेला प्रवासी रिक्षाने रेल्वे स्टेशनला निघाला, की रिक्षावाल्याशी तो मराठीत बोलो, हिंदीत बोलो नाहीतर दखनीत; खुणा सांगताना तोंडी इंग्रजी जोडशब्दच येतात. एअरपोर्ट, बसस्टँड, हायकोर्ट, सेव्हन हिल, फ्लायओव्हर, पेट्रोल पंप, मिल कॉर्नर, रेल्वे स्टेशन. छत्रपती संभाजीनगरात इंग्रजीचा एक तासही न बसलेला माणूस हे शब्द दिवसभर वापरतो. ते आता मराठीच झाले आहेत आणि मराठी बोलताना ते मराठी वळणाने उच्चारण्यात काहीच चूक नाही.

अडचण येते ती हेच शब्द इंग्रजी वाक्यात वापरायची वेळ आली की. वेरूळला आलेल्या परदेशी पर्यटकाला रस्ता सांगताना, पुण्याच्या कंपनीच्या फोनवरच्या मुलाखतीत, वाळूजच्या कारखान्यातून परराज्यातल्या पुरवठादाराला माल सांगताना. व्याकरण बरोबर असते, शब्दही बरोबर असतो, तरी समोरचा म्हणतो, ‘सॉरी?’ बोलणाऱ्याला वाटते, आपले इंग्रजी कच्चे. पुष्कळदा इंग्रजी कच्चे नसतेच. जोर भलत्या जागी पडलेला असतो, आणि त्याला तो कुणी कधी ऐकवलेलाच नसतो.

(खाली शब्दांचे तुकडे आडव्या रेघेने दाखवले आहेत. ज्या तुकड्यावर मुख्य जोर, त्याच्या आधी ˈ ही उभी खूण आहे. बऱ्याच इंग्रजी शब्दकोशांत हीच खूण असते.)

सिलॅबल म्हणजे काय?

एका झटक्यात तोंडातून बाहेर पडणारा शब्दाचा तुकडा म्हणजे सिलॅबल. साधारणपणे प्रत्येक तुकड्यात एक स्वर ऐकू येतो. जितके स्वर ऐकू येतात, तितके सिलॅबल. इथे ‘ऐकू येतात’ हे महत्त्वाचे. किती अक्षरे लिहिली आहेत याच्याशी संबंध नाही.

मोजायची सोपी रीत आहे. हनुवटीखाली हात धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल, साधारण तितके तुकडे. नोटबुकला दोन, न्यूजपेपरला तीन (न्यूज-पे-पर), वॉटरमेलनला चार (वॉ-टर-मे-लन).

इंग्रजीत लिहिलेले आणि बोललेले यांत अंतर असते, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘चॉकलेट’ इंग्रजीत बहुतेकदा दोनच तुकड्यांत म्हणतात : ˈचॉक-लट. ‘व्हेजिटेबल’ चारऐवजी तीन : ˈव्हेज-ट-बल. ‘कम्फर्टेबल’ही सहसा तीन : ˈकम्फ-ट-बल. ‘बिझनेस’ दोन : ˈबिझ-नस.

पण ‘मराठी जशी लिहितो तशीच बोलतो’ हेही पूर्ण खरे नाही. ‘कमळ’ लिहायला तीन अक्षरे लागतात, बोलताना दोन तुकडे होतात : क-मळ. ‘मनमाड’मध्ये अक्षरे चार, तुकडे दोन : मन-माड. पैठणचे दोन, वेरूळचे दोन. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण सर्रास गिळतो आणि ते आपल्याला कुणी शिकवलेले नसते. म्हणजे लिहिलेल्यापासून ऐकलेले वेगळे काढणारा कान मराठी मुलाकडे आधीच असतो.

वृत्त शिकताना तर हे काम वर्गातच होते. ओळीतली अक्षरे सुटी करायची, कुठले लघु, कुठले गुरू ते लावायचे, तीन-तीनचे गण पाडायचे. ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केलेल्या विद्यार्थ्याला शब्द तोडणे नवे नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो. लघु-गुरू हा वेळेचा हिशेब आहे : गुरूला दोन मात्रा, लघूला एक. इंग्रजीतला जोर हा प्रामुख्याने उठावाचा हिशेब आहे.

जोर म्हणजे काय?

जोर म्हणजे मोठ्याने ओरडणे नव्हे. जोराच्या तुकड्यावर चार गोष्टी होतात : आवाजाची पट्टी बदलते, बहुधा थोडी चढते, तुकडा जरा लांबतो, किंचित ठळक होतो, आणि त्यातला स्वर स्वच्छ, पूर्ण उच्चारला जातो. बाकीचे तुकडे आखडतात. त्यांतला स्वर पुष्कळदा पुसट ‘अ’सारखा होतो.

एकाच कुळातले तीन शब्द घेतले की हे दिसते : ˈफो-ट-ग्राफ, फ-ˈटॉ-ग्र-फी, फो-ट-ˈग्रॅ-फिक. जोर एकेक घर पुढे सरकतो आणि त्याच्या मागे-पुढे स्वरांचे रूपच बदलते. नाम आणि क्रियापद यांतही कधी कधी जोरानेच फरक पडतो : ˈरे-कॉर्ड म्हणजे नोंद, रि-ˈकॉर्ड म्हणजे नोंदवणे.

मराठीतही जोर असतो, पण तो हलवल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. ‘पाणी’ शब्दात जोर ‘पा’वर दिला काय किंवा ‘णी’वर दिला काय, प्यायला पाणीच मिळते. म्हणून मराठी माणसाचा कान जोराकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि इंग्रजी बोलताना सगळे तुकडे सारख्या वजनाने टाकतो. हा आळस नाही. आपल्या भाषेने लावलेली ती सवय आहे.

जोडशब्दात जोर कुठे?

इंग्रजी जोडशब्द तोडण्याची पहिली पायरी सोपी आहे : आधी सांध्यावर तोडायचे, मग प्रत्येक भागाचे तुकडे पाडायचे. नाम जोडून झालेल्या जोडशब्दांचा मूळ नियमही लहानसा आहे : मुख्य जोर पहिल्या भागावर.

ˈएअर-पोर्ट. ˈबस-स्टँड. ˈफ्लाय-ओ-व्हर. ˈपेट-रल पंप. ˈरेल-वे स्टे-शन. शहरातल्या त्या रिक्षाप्रवासातले निम्म्याहून अधिक शब्द या एका नियमात बसतात. शब्द एकत्र लिहिला आहे की मध्ये जागा सोडून, याने फरक पडत नाही. ‘रेल्वे स्टेशन’ दोन शब्दांत लिहितात, तरी तो जोडशब्दच आहे.

नियमाचे खरे महत्त्व कळते ते एकाच अक्षरांचे दोन अर्थ समोर आल्यावर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ‘ग्रीनहाउस’ नवे नाही. ˈग्रीन-हाउस म्हणजे रोपांसाठी उभारलेले आच्छादित घर. पण ग्रीन ˈहाउस म्हटले की तो फक्त हिरव्या रंगाचा बंगला. ˈब्लॅक-बोर्ड म्हणजे वर्गातला फळा, मग तो रंगाने हिरवा का असेना. ब्लॅक ˈबोर्ड म्हणजे कुठलीही काळी पाटी.

आणि शाळेतले रोजचे उदाहरण : ˈइंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकवणारे शिक्षक. इंग्लिश ˈटीचर म्हणजे स्वतः इंग्रज असलेले शिक्षक, मग ते गणित का शिकवेनात. तसेच ˈटॉय फॅक्टरी म्हणजे खेळणी बनवणारा कारखाना आणि टॉय ˈफॅक्टरी म्हणजे मुलांच्या खेळण्यातला, लुटुपुटीचा कारखाना. अक्षरे तीच, क्रम तोच. अर्थ ठरवतो तो फक्त जोर.

मराठी हे काम कसे करते?

इथे पाणचक्कीकडे वळायला हवे. बेगमपुऱ्याजवळची अठराव्या शतकातली ही पाणचक्की शहराची ओळख आहे. दूरच्या डोंगराकडून नहरीने आणलेल्या पाण्याच्या जोरावर ती फिरे. तिचे नाव कसे झाले? ‘पाणी’ आणि ‘चक्की’ जोडताना ‘पाणी’चा ‘ई’ गळला. ‘पाणी चक्की’ कुणी म्हणत नाही. पाणपोई, पाणबुडी, पाणवठा, पाणघोडा या सगळ्यांत तेच. ‘तांबडी माती’ म्हटले की विशेषण आणि नाम. ‘तांबडमाती’ म्हटले की समास. ‘पांढरा’चा ‘पांढर’ झाला की ‘पांढरपेशा’ तयार होतो.

म्हणजे अनेक मराठी शब्दांत दोन शब्द एक झाल्याची खूण पहिल्या शब्दाच्या रूपात दिसते. त्याचा शेवट गळतो किंवा बदलतो. इंग्रजीकडे ही सोय नाही. तिथे ‘ग्रीन’ला लिंग नाही, वचन नाही, गाळायला प्रत्यय नाही. शब्द एकटा असो वा समासात, ‘ग्रीन’ हा ‘ग्रीन’च राहतो. मग समास झाला हे ऐकणाऱ्याला कळवायचे कसे? जोर पहिल्या भागावर आणून. मराठी जिथे शब्दाचे टोक छाटते, तिथे इंग्रजी जोर सरकवते. ‘वॉटरमिल’ म्हणताना ˈवॉ-टर-मिल, हीच इंग्रजीची पाणचक्की.

वाक्यातही हेच घडते. मराठीत ‘त्यानेच पैसे दिले’ आणि ‘त्याने पैसेच दिले’ यांतला फरक एक ‘च’ दाखवतो. इंग्रजी बोलणारा तोच फरक बहुतेकदा आवाजाने दाखवतो. जे काम आपल्याकडे प्रत्यय आणि अव्यये करतात, त्यातले बरेच तिकडे जोर करतो. म्हणून जोराला उच्चाराची नक्षी समजणे चूक आहे. तो त्या भाषेच्या व्याकरणाचा भाग आहे. विभक्तीकडे जितके गांभीर्याने पाहतो, तितकेच त्याच्याकडे पाहायला हवे.

हा विचार परका आहे का?

अजिबात नाही. उच्चारातल्या आघाताने समासाचा अर्थ बदलतो, हे भारतीय व्याकरणकारांनी फार पूर्वी ओळखले होते. पतंजलींच्या महाभाष्याच्या आरंभीच ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा दाखला येतो. गोष्ट अशी : त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता. त्यासाठीच्या यज्ञात ‘इन्द्रशत्रु’ हा शब्द उच्चारला गेला. त्यातला उदात्त स्वर शेवटी असता तर तो तत्पुरुष समास झाला असता, अर्थ ‘इंद्राचा शत्रू’, म्हणजे त्याचा संहार करणारा. पण उदात्त आला पहिल्या भागावर. समास झाला बहुव्रीही आणि अर्थ झाला ‘इंद्र हाच ज्याचा संहारक’. वृत्र जन्मला खरा, पण इंद्राच्या हातून मेला.

वैदिक स्वर हा पट्टीचा चढउतार होता आणि इंग्रजीतला जोर त्याहून वेगळा आहे, हे मान्य. तरी मुद्दा तोच : जोडशब्द एक, अक्षरे तीच, आघात हलला आणि अर्थ उलटला. ‘ग्रीनहाउस’ आणि ‘ग्रीन हाउस’ यांचा हा जुना भाऊबंद. पुढे संस्कृतातून हे स्वर बोलण्यातून गेले आणि मराठीत ते आलेच नाहीत. मात्र वेदांच्या छापील पोथ्यांत देवनागरी अक्षरांच्या वर-खाली या स्वरांच्या रेघा आजही असतात. देवनागरीला आघाताची खूण दाखवता येत नाही, असे म्हणायला म्हणूनच जागा नाही.

अपवाद किती?

‘पहिल्या भागावर जोर’ हा नियम सगळीकडे लावला तर फसगत होते. मुख्य अपवाद चार आहेत.

पहिला, ठिकाणांची नावे. नावाच्या शेवटी ‘रोड’, ‘प्लेस’, ‘गेट’, ‘कॉर्नर’, ‘पार्क’ असले तर जोर शेवटच्या शब्दावर जातो. म्हणून जालना ˈरोड, कॅनॉट ˈप्लेस, पैठण ˈगेट, मिल ˈकॉर्नर. फक्त ‘स्ट्रीट’ उलटा चालतो : ˈऑक्सफर्ड स्ट्रीट, पण ऑक्सफर्ड ˈरोड. बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात ‘गेट’चा नियम शिकवायला उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

दुसरा, वस्तू कशाची बनली ते सांगणारे शब्द. पहिला शब्द साहित्याचा असेल तर जोर दुसऱ्यावर : सिल्क ˈशॉल, कॉटन ˈशर्ट, टमाटो ˈसूप. रेशीम आणि सुताच्या हिमरूची शाल विकणाऱ्याने ‘सिल्क ˈशॉल’ म्हणावे, पण आपल्या दुकानाला ‘ˈशॉल शॉप’ म्हणावे. यातही ‘केक’ आणि ‘ज्यूस’ वेगळे वागतात : ˈऑरेंज ज्यूस, पण ऑरेंज जॅमचा जोर ˈजॅमवर.

तिसरा, विशेषणाचे काम करणारे काही जोडशब्द. ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘बॅड-टेम्पर्ड’ यांत जोर दुसऱ्या भागावर : ओल्ड-ˈफॅ-शन्ड, बॅड-ˈटेम-पर्ड.

चौथा, रूढी. ‘हेडमास्टर’ ब्रिटिश उच्चारात हेड-ˈमास-टर होतो, अमेरिकेत ˈहेड-मास-टर. ‘आइस्क्रीम’ आणि ‘वीकएन्ड’ यांतही ब्रिटनमध्ये जोर सहसा दुसऱ्या भागावर, अमेरिकेत पहिल्यावर. ‘हायकोर्ट’ तर नियमाविरुद्धच हाय-ˈकोर्ट आहे. खुद्द इंग्रजांचे आणि अमेरिकनांचे एकमत नाही, तिथे विद्यार्थ्याच्या उत्तराला एकच साचा लावून गुण कापणे अन्यायाचे आहे.

याशिवाय काही जुने जोडशब्द इतके झिजले आहेत की त्यांचा दुसरा भाग ओळखूही येत नाही. ‘कप’ आणि ‘बोर्ड’ मिळून झालेल्या शब्दाचा उच्चार ˈक-बर्ड; ‘ब्रेक’ आणि ‘फास्ट’ मिळून ˈब्रेक-फस्ट; ‘पोस्टमन’मधला ‘मॅन’ नुसता ‘मन’ उरतो.

व्यवहारात फरक कुठे पडतो?

सगळ्यात आधी आकड्यांत. फिफ-ˈटीन म्हणजे पंधरा, ˈफिफ-टी म्हणजे पन्नास. समजा, वाळूजच्या एका लहान युनिटमधून फोनवर पंधरा खोके मागवले आणि बोलणाऱ्याने दोन्ही तुकडे सारखे टाकले. ऐकणाऱ्यापुढे पंधरा की पन्नास, असा प्रश्न उरतो. त्यात आणखी एक मेख आहे. ‘फिफ्टीन’नंतर लगेच नाम आले की जोर पहिल्या तुकड्यावर सरकतो : ˈफिफ-टीन ˈबॉक-सिस. अशा वेळी इंग्रज माणूसही गोंधळू शकतो. म्हणून मालाचा आकडा ‘वन-फाइव्ह’ असा सुटा सांगण्याची चाल शहाणपणाची आहे.

दुसरे, संगणकाची रोजची भाषा. ‘लॉगिन’, ‘बॅकअप’, ‘चेकइन’, ‘सेटअप’ ही नामे असली की जोर पहिल्या भागावर : ˈलॉग-इन, ˈबॅक-अप. तेच क्रियापद म्हणून वापरले की दोन शब्द होतात आणि जोर दुसऱ्यावर जातो : लॉग ˈइन, बॅक ˈअप. दिवसाला दहादा बोलले जाणारे हे शब्द आहेत, पण हा फरक वर्गात क्वचितच सांगितला जातो.

तिसरे, आत्मविश्वास. हे मोजता येत नाही, तरी सर्वांत महाग पडते. एकाच वाक्यात दोनदा ‘सॉरी?’ ऐकलेला मुलगा तिसऱ्यांदा तोंड उघडायला घाबरतो. बीड, जालना, हिंगोली, परभणीहून या शहरात शिकायला आलेली कित्येक मुले ‘आपल्याला इंग्रजी येत नाही’ असे स्वतःच ठरवून टाकतात. त्यांना व्याकरण येत असते, शब्द येत असतात. कुठला तुकडा उचलायचा, एवढेच कुणी सांगितलेले नसते.

मग शाळा-कॉलेजात काय शिकवतात?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला येई. म्हणजे आज बारावीला बसणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. बारावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी. पुढे बी. ए.ला इंग्रजी विषय घेतला तर ध्वनिशास्त्र येते, आणि त्यात हमखास प्रश्न असतो : पुढील शब्दांचे सिलॅबल पाडा आणि जोर दाखवा.

प्रश्न योग्य आहे. तो सोडवण्याची पद्धत मात्र विचित्र आहे. ऐकू येणारी गोष्ट कागदावर विचारली जाते आणि कागदावरच सुटते. विद्यार्थी गाइडमधले दीडशे शब्द खुणांसकट पाठ करतो, खुणा हुबेहूब उतरवतो, दोन गुण मिळवतो आणि त्यातला एकही शब्द मोठ्याने म्हणत नाही. पोहण्याची लेखी परीक्षा घ्यावी, तसा हा प्रकार.

गाइडांची आणखी एक उणीव आहे. मराठी मुलांसाठीच्या पुस्तकांत इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत देण्याची चांगली प्रथा आहे. पण त्या उच्चारात ध्वनी असतात, जोर नसतो. ‘एअरपोर्ट’ छापलेले असते, ‘ˈएअरपोर्ट’ नसते. एक बारीक खूण टाकायला कागद जास्त लागत नाही.

या शहराची जबाबदारी थोडी अधिक आहे. राज्यातल्या इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहणारी स्टेट इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही सरकारी संस्था इथलीच. पुढे तिचे रूपांतर प्रादेशिक विद्या प्राधिकरणात झाले. मिलिंद महाविद्यालय १९५० पासून आणि विद्यापीठ १९५८ पासून इथे आहे. राज्यभरच्या शिक्षकांपर्यंत पोहोचण्याची सोय जिथे आहे, तिथूनच ही सुधारणा सुरू व्हायला हवी.

पण आपल्याला लंडनचे उच्चार हवेत कशाला?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. मराठी वळणाचे इंग्रजी ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. ‘ट’, ‘ड’ मराठीसारखे आले, ‘व्ह’ आणि ‘व’ एक झाले, म्हणून कुणाचे काही अडत नाही. लहेजा ही ओळख असते आणि ती पुसण्याचे कारण नाही. उच्चारावरून पोरांना हसणाऱ्या शिक्षकाने त्यांचे जितके नुकसान केले असेल, तितके चुकीच्या जोराने केले नसेल.

पण लहेजा वेगळा आणि जोर वेगळा. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले (आजचे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ) अभ्यासक आर. के. बन्सल यांचा भारतीयांच्या इंग्रजीवरचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांचे बोलणे परदेशी श्रोत्यांना न कळण्यामागे शब्दातला चुकीच्या जागचा जोर हे एक ठळक कारण असल्याचे त्यात दिसले.

दुसरी बाजूही आहे. ब्रिटिश अभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात म्हटले, की इंग्रजी ही दोघांचीही मातृभाषा नसेल, तर सुट्या शब्दातला जोर वाटतो तितका आड येत नाही. वाक्यात नेमक्या कोणत्या शब्दावर भर आहे, तो मात्र कळावाच लागतो. चेन्नईच्या अभियंत्याशी बोलणाऱ्या वाळूजच्या अभियंत्याला हे लागू पडते.

या दोन मतांतून निघणारा मार्ग असा : प्रत्येक शब्दाचा जोर शब्दकोशाबरहुकूम हवा, हा हट्ट सोडावा. जिथे जोराने अर्थ बदलतो, तिथे तो पक्का करावा. जोडशब्द, आकडे, नाम-क्रियापदाच्या जोड्या आणि वाक्यातला भर, या चार जागा. हे सगळे मिळून काही आठवड्यांचे काम आहे, बारा वर्षांचे नाही.

काय करता येईल?

वर्गात रोज पाच मिनिटे. फळ्यावर पाच जोडशब्द, शक्यतो शहरातल्याच पाट्यांवरचे. आधी सांध्यावर तोडायचे, मग टाळ्या वाजवून तुकडे मोजायचे, मग जोराच्या तुकड्यावर टाळीऐवजी बाकावर थाप. साठ मुलांच्या वर्गातही हे जमते. उलट जितकी मुले जास्त, तितका ताल स्पष्ट ऐकू येतो. यंत्र लागत नाही, भाषा प्रयोगशाळा लागत नाही.

परीक्षेत कागदावर खुणा मागण्याऐवजी त्या २० तोंडी गुणांतले दोन इथे द्यावेत. ‘ग्रीनहाउस’ आणि ‘ग्रीन हाउस’ असलेली दोन वाक्ये विद्यार्थ्याने वाचावीत आणि ऐकणाऱ्याने अर्थ सांगावा. अर्थ पोहोचला की गुण पूर्ण. मग जोर ब्रिटिश पद्धतीने दिला की अमेरिकी, हा वाद उरत नाही.

पाठ्यपुस्तके आणि गाइडांनी देवनागरी उच्चारात ती एक उभी खूण छापावी. शिक्षक प्रशिक्षणात जोर हा विषय मराठी समासाच्या शेजारी ठेवून शिकवावा. पाणचक्की कळलेल्याला वॉटरमिल समजावणे सोपे जाते.

आणि ज्यांची शाळा सुटून वर्षे झाली, त्यांच्या हातात फोन आहेच. मोबाइलवरच्या शब्दकोशात शब्दाशेजारी कर्ण्याचे चिन्ह असते. ते दाबून ऐकावे, आपला आवाज रेकॉर्ड करावा आणि दोन्ही लागोपाठ ऐकावेत. आपण कुठे सपाट बोललो, ते दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही. सुरुवात एकाच जोडीने करावी : ˈइंग्लिश टीचर आणि इंग्लिश ˈटीचर. ही जोडी तोंडात बसली, की बाकीचे जोडशब्द कान आपसूक तपासू लागतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला मुलाखतीत ‘सॉरी?’ ऐकावे लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. तिचा लहेजा मराठवाड्याचाच राहील आणि तो तसाच राहावा. फक्त तिचे ‘फिफ्टीन’ समोरच्याला पंधराच ऐकू यायला हवे.